यंत्राच्या उत्तराखालची लिंक कशाचा पुरावा आहे?

एआयच्या उत्तराखाली आता वेबसाइटच्या लिंका दिसू लागल्या आणि बऱ्याच जणांचा जीव भांड्यात पडला. नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आले तेव्हाची मुख्य तक्रार हीच होती, की ते बेधडक ठोकून देते आणि कुठून आणले ते सांगत नाही. पुढे पर्प्लेक्सिटी आणि बिंगने उत्तराला संदर्भ जोडले, २०२४मध्ये गूगलच्या शोधात सगळ्यात वर एआयचा सारांश येऊ लागला, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर चॅटजीपीटीनेही स्वतःचा शोध सुरू केला. तेव्हापासून एक समज मूळ धरतो आहे. लिंक दिली म्हणजे उत्तर तिथूनच आले, आणि जी वेबसाइट वारंवार लिंकेत येते ती त्या विषयातली जाणती. ‘तुमची वेबसाइट एआयच्या उत्तरात आणून देतो’ म्हणणाऱ्यांचा धंदाही याच समजावर उभा आहे.

हा समज मला उथळ वाटतो, आणि आपल्यासारख्या जिल्ह्याला तो महागात पडेल अशी भीती वाटते. लिंक फार तर एवढे सांगते की त्या क्षणी यंत्राच्या हाताला वेबवर काय लागले. खात्रीचे काय आहे, हे ती सांगत नाही. चौदा तालुक्यांच्या या अहिल्यानगर जिल्ह्याबाबत हाताला लागणारे आणि खात्रीचे यांत अंतर मोठे आहे, आणि त्या अंतराचा बराचसा दोष यंत्राकडे जात नाही. ज्यांच्याकडे खात्रीची माहिती आहे त्या विद्यापीठांनी, सरकारी खात्यांनी आणि संस्थांनी ती अशा रूपात ठेवली आहे की ती ना यंत्राला वाचता येते, ना सामान्य वाचकाला सापडते.

१. लिंक उत्तराला केव्हा चिकटते

या यंत्रांकडे दोन प्रकारची माहिती असते. एक, शिकवताना अफाट मजकुरातून मुरलेली. ती कुठल्या पानावरून आली हे यंत्राला सांगता येत नाही. तिथे पाने उरलेलीच नसतात, शब्दांमागून शब्द कसे येतात याचे आकडे उरतात. दुसरी, प्रश्न विचारल्यावर शोधून आणलेली. शोधून आणलेला मजकूर समोर ठेवून उत्तर लिहिण्याची ही रीत २०२०च्या सुमारास फेसबुकच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली, आणि आज लिंका देणारी बहुतेक साधने तिच्याच कुठल्या ना कुठल्या रूपावर चालतात.

तिचा क्रम असा. आपला प्रश्न यंत्र स्वतःच्या शब्दांत बदलून घेते, बरेचदा एकाचे चार-पाच प्रश्न करते. ते शोधयंत्राकडे जातात. आलेल्या पानांचे तुकडे पाडले जातात, प्रश्नाशी जवळचे वाटणारे तुकडे निवडले जातात, आणि ते समोर ठेवून उत्तर लिहिले जाते. लिहिताना मुरलेली माहिती गप्प बसत नाही. वाक्याचा अर्धा भाग समोरच्या तुकड्यातून येतो, अर्धा आतून, आणि लिंक मात्र पूर्ण वाक्याला लागते. वाचणाऱ्याला तो सांधा दिसत नाही.

हे मोजून पाहिलेले आहे. २०२३मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी चार साधने तपासली. उत्तरांतल्या जेमतेम ५१.५ टक्के वाक्यांना दिलेल्या संदर्भांचा पूर्ण आधार होता, आणि दर चार संदर्भांतला साधारण एक संदर्भ आपल्याच वाक्याला पुरेसा आधार देत नव्हता. साधने तेव्हापासून सुधारली आहेत. तरीही ऑक्टोबर २०२५मध्ये युरोपीय प्रसारण संघ आणि बीबीसी यांनी १८ देशांतल्या सार्वजनिक वृत्तसंस्थांच्या मदतीने बातम्यांविषयीची उत्तरे तपासली, तेव्हा ४५ टक्के उत्तरांत किमान एक मोठा दोष सापडला, आणि ३१ टक्के उत्तरांत गंभीर दोष संदर्भांचाच होता: संदर्भ गायब, दिशाभूल करणारा किंवा चुकीचा. लिंक जोडली की प्रश्न सुटला, ही कल्पना एवढ्यावरच टिकत नाही.

२. ताहाराबादच्या महिपतींचा दाखला

संदर्भ देणे म्हणजे काय, याचे एक जुने आणि चांगले उदाहरण याच जिल्ह्यात आहे. राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादच्या महिपतींनी १७६२मध्ये ‘भक्तविजय’ पूर्ण केला. ग्रंथाच्या सुरुवातीलाच ते सांगतात की हे मी मनाने रचलेले नाही. उत्तरेतल्या नाभाजींचा ग्रंथ आणि माणदेशातल्या उद्धवचिद्घनांचा मराठी ग्रंथ यांचा आधार मी घेतला आहे. त्या काळच्या चरित्रकाराने इतक्या उघडपणे आपली उधारी मान्य करावी, याचे मला फार मोल वाटते.

यात दोन गोष्टी आहेत. महिपतींनी आधी वाचले, मग लिहिले, आणि आपण कोणाचे ऋणी आहोत हे त्यांना ठाऊक होते. यंत्राच्या बाबतीत हे ठाऊक असणेच संशयास्पद आहे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. महिपतींनी आधार सांगितला म्हणून त्यांची संतचरित्रे इतिहास ठरली नाहीत. काळाची गल्लत, चमत्कार, कथांची सरमिसळ अभ्यासकांनी पुढे दाखवलीच. पण नाव सांगितल्यामुळे नाभाजींचा ग्रंथ उघडून ताडून पाहता आला. संदर्भ वादाचे दार उघडतो, वाद संपवत नाही. आज मात्र उत्तराखालची लिंक पाहून लोक थांबतात, ती उघडतसुद्धा नाहीत. संदर्भाचे सगळे मोल ज्या कृतीत आहे तीच नेमकी गळून पडते.

३. हाताला काय लागते

यंत्राला सापडायचे तर मजकूर वेबवर उघडा हवा, अक्षरांच्या रूपात हवा, शोधयंत्राच्या यादीत हवा, आणि प्रश्नाच्या भाषेशी जुळणारा हवा. विकिपीडिया, यूट्यूब, रेडिट यांसारखी ठिकाणे लिंकांमध्ये सारखी का दिसतात, याचे उत्तर बव्हंशी इथे आहे. रेडिटने तर २०२४मध्ये गूगलशी आणि ओपनएआयशी मजकूर देण्याचे करारच केले. त्यांचे वारंवार दिसणे सहज सापडण्याचे आणि व्यवहाराचे फळ आहे. त्यातून अधिकार सिद्ध होत नाही.

मराठीत ही विहीर आणखी उथळ. इंग्रजी विकिपीडियावर सुमारे ७० लाख लेख आहेत, मराठीवर सुमारे एक लाख, आणि त्यांतले कितीतरी दोन-चार ओळींचे. वाईहून निघालेला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभा केलेला मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, ही मोठीच जमेची बाजू. पण जिल्ह्याच्या पातळीवरचे सखोल लेखन जिथे आहे, तिथे यंत्र पोचायला अडचण आहे. १८८४चे मुंबई इलाख्याचे अहमदनगर गॅझेटियर आणि १९७६चे राज्य गॅझेटियर, दोन्ही इंग्रजीत आणि शेकडो पानांची. स्थानिक इतिहासाची मराठी पुस्तके वाचनालयांच्या कपाटांत. सरकारी परिपत्रके, अहवाल, पुस्तिका अनेकदा स्कॅन केलेल्या चित्रांच्या पीडीएफमध्ये, किंवा श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या. त्या फॉन्टांतला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण कॉपी करून दुसरीकडे चिकटवा, रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक चिखल हाती येतो. यंत्रापुढे तोच चिखल जातो. माणसाने वर्षभर राबून केलेले काम त्याच्या लेखी अस्तित्वातच नसते.

नगरजवळच्या डोंगरावरची अष्टकोनी, तीन मजली वास्तू घ्या. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात, पर्यटनाच्या असंख्य पानांवर तेच नाव आहे. ती आहे दुसऱ्या सलाबतखानाची कबर. हा मुर्तजा निजामशहाचा मंत्री. १८८४च्या गॅझेटियरला हे ठाऊक आहे, पुरातत्त्व खात्याला ठाऊक आहे. लोकांनी दिलेले नाव खोटे म्हणून फेकून द्यावे असे मी म्हणत नाही. १५९५-९६मध्ये मोगलांविरुद्ध किल्ला लढवणारी चांदबिबी या गावाच्या मनात राहिली, हे ते नाव सांगते. पण ‘चांदबिबीने हा महाल कधी बांधला’ असे कोणी विचारले, तर प्रश्नातच चूक आहे. यंत्राने शोधलेली पाने त्याच शब्दांनी भरलेली असणार, कारण शोध शब्दांच्या जवळिकीवर चालतो. खरी नोंद वेगळ्या नावाखाली आहे. ‘सलाबतखान’ हा शब्द प्रश्नात आलाच नाही, तर ती वर येईलच याची हमी कोण देणार?

४. मौनाला लिंक नसते

याहून खोल अडचण शिर्डीच्या उदाहरणात दिसते. साईबाबांचा जन्म कुठला? जानेवारी २०२०मध्ये मुख्यमंत्र्यांनी परभणी जिल्ह्यातल्या पाथरीचा जन्मस्थळ म्हणून उल्लेख केला आणि १९ जानेवारीला शिर्डी बंद राहिली. वाद धर्मभावनेचा तर होताच, पण मुळात तो साधनांचा वाद होता. गोविंद रघुनाथ दाभोलकरांचा ‘श्रीसाईसच्चरित’ हा शिर्डीत प्रमाण मानला जाणारा ग्रंथ. त्यात आईवडील आणि जन्मस्थान कोणालाच ठाऊक नाही, असेच म्हटले आहे. पाथरीची परंपरा इतर साधनांतून आणि नंतरच्या शोधांतून पुढे आली.

इथे प्रामाणिक उत्तर असे: प्रमाण ग्रंथ मौन पाळतो, पुढील दावे अमुक-अमुक आहेत, त्यांचे पुरावे या दर्जाचे आहेत. पण शोधयंत्र दावा शोधू शकते, मौन कसे शोधणार? ‘अमुक ठिकाणी जन्म झाला’ म्हणणारे पान प्रश्नाशी नेमके जुळते. न सांगणाऱ्या ग्रंथाला पानही नसते आणि लिंकही नसते. २०२०च्या बातम्यांनी वेब भरलेले आहे, म्हणून अशा दहा लिंका सहज मिळतील. त्या दहांचे मूळ त्याच एका आठवड्यातले तेच वक्तव्य असू शकते. एकाच साक्षीदाराला दहा वेळा बोलावून दहा साक्षी झाल्या असे कुठलेही न्यायालय मानत नाही. आपण लिंका मोजतो तेव्हा नेमके तेच करत असतो.

यंत्राला भावते काय, याचाही अभ्यास झाला आहे. २०२३मध्ये प्रिन्स्टन, दिल्ली आयआयटी वगैरे ठिकाणच्या संशोधकांनी दाखवले, की पानात आकडे, अवतरणे आणि संदर्भ पेरले तर एआयच्या उत्तरातले त्याचे दिसणे ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकते. पानातले तथ्य सुधारले पाहिजे अशी अट त्यात नाही. पुराव्याचा पेहराव पुरतो. शिर्डीत खोली शोधणारा भाविक, मुलासाठी कॉलेज शोधणारा बाप, दुखण्यावर उपचार विचारणारी आजी, या सगळ्यांपुढे उद्या असा पेहराव केलेली पाने उभी राहणार. ‘कोणत्या वेबसाइटचा उल्लेख जास्त येतो’ एवढेच मोजणारे विश्लेषण या बाजाराला दर्जाचे प्रमाणपत्र देऊन मोकळे होते.

५. एका आकड्याची गोष्ट

इतिहासातली चूक सोसता येते, शेतातली खिशातून जाते. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८पासून या जिल्ह्यात आहे, आणि उसाच्या खतमात्रेबाबत पश्चिम महाराष्ट्रात त्याच्या शिफारशीला मान आहे. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ स्फुरद, ११५ पालाश. पूर्वहंगामीला ३४०, १७०, १७०. आडसालीला ४००, १७०, १७०. को ८६०३२ ही जात लावली असेल तर २५ टक्के जादा. नत्र एकदम टाकायचे नाही, लागणीपासून मोठ्या बांधणीपर्यंत चार हप्त्यांत द्यायचे.

या एका शिफारशीत चार अटी आहेत: हंगाम, जात, हप्ते, आणि हेक्टर हे माप. आता तुकडे पाडून निवडणाऱ्या यंत्राचा विचार करा. ‘२५० किलो नत्र’ हा तुकडा उचलला गेला आणि ‘हेक्टरी’ हा शब्द वरच्या मथळ्यात, म्हणजे दुसऱ्या तुकड्यात राहिला, तर? आपला शेतकरी एकरात बोलतो. सगळे नत्र युरियातून द्यायचे धरले, तर सुरू उसाला एकरी ४५ किलोची जवळपास पाच पोती होतात. हेक्टरचा आकडा एकराचा समजला तर बारा. नेवासे-श्रीरामपूरच्या कालव्याखालच्या जमिनी पाणी आणि खत जास्त झाल्याने खारवट-चोपण होण्याचे दुःख आधीच भोगत आहेत. तिथे या सात जादा पोत्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

अशा उत्तराखाली लिंक विद्यापीठाचीच असू शकते, हे ध्यानात घ्या. संदर्भ खरा, संस्था अधिकृत, आकडाही पानावर जसाच्या तसा, आणि उत्तर तरी नुकसानकारक. म्हणून ‘अधिकृत वेबसाइटची लिंक असेल तर विश्वास ठेवा’ हा सल्लाही मला अपुरा वाटतो. लिंक उघडून तेच वाक्य शोधावे लागते, आणि त्या वाक्याच्या वरच्या-खालच्या चार ओळी वाचाव्या लागतात. तारखेचेही तसेच. जिल्ह्याचे अहमदनगर हे नाव बदलून अहिल्यानगर करण्याची घोषणा ३१ मे २०२३ला चौंडीत झाली, मंत्रिमंडळाची मान्यता मार्च २०२४मध्ये मिळाली, अधिसूचना ऑक्टोबर २०२४मध्ये निघाली. मधल्या काळातल्या पानांवर दोन्ही नावे आहेत, आणि प्रत्येक पान आपल्या तारखेला बरोबर आहे.

६. तीन आक्षेप

पहिला आक्षेप: काहीच संदर्भ नसण्यापेक्षा कसलातरी असलेला बरा. उघडून पाहणाऱ्यासाठी बरा, हे मला मान्य आहे. पण न पाहणाऱ्यासाठी तो घातक ठरू शकतो, कारण बिनसंदर्भाच्या उत्तरावर माणूस निदान शंका घेत होता. प्रत्येक उत्तर तपासत बसा, असा माझा आग्रह नाही. ते कोणालाच जमणार नाही. पैसा, पीक, औषध, जमीन किंवा कुणाची अब्रू पणाला लागते, तिथे तरी लिंक उघडावी.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञांचा: यंत्रे स्कॅन वाचू लागली आहेत, देवनागरीची ओळख वेगाने सुधारते आहे, चार वर्षांत ही अडचण राहणार नाही. काही अंशी राहणारही नाही. पण जे वेबवर टाकलेच नाही ते कुठले यंत्र वाचणार? आणि ज्या पुस्तिकेवर प्रसिद्धीचे वर्षच नाही, तिची शिफारस आजची की पंधरा वर्षांपूर्वीची, हे वाचणाऱ्याची नजर कितीही तीक्ष्ण झाली तरी कळणार नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: आपले ज्ञान परदेशी कंपन्यांच्या पुढ्यात फुकट का वाढायचे? वृत्तपत्रे हा प्रश्न विचारतात तेव्हा ती बरोबर आहेत. बातमीदाराचा पगार कोणीतरी दिलेला असतो. एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४मध्ये ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला तो याच हक्कासाठी, आणि अनेक वृत्तपत्रे एआयच्या बॉटना दारातच अडवतात तेही त्यांच्या अधिकारात. लेखकाच्या पुस्तकालाही हाच न्याय. पण सार्वजनिक पैशातून झालेल्या ज्ञानाला हा आक्षेप लागू होत नाही. विद्यापीठाची शिफारस, जिल्ह्याचे गॅझेटियर, भूजलाचे अहवाल, शासनाचे निर्णय हे लोकांच्या करातून झाले आणि ते लोकांपर्यंत पोचणे हाच त्यांचा हेतू होता. ते कुलूपबंद ठेवून कंपनीचे काही बिघडत नाही. ती दुसरे पान उचलते. बिघडते विचारणाऱ्याचे.

७. मग करायचे काय

काम मोठ्या खर्चाचे नाही, चिकाटीचे आहे. कृषी विद्यापीठाने प्रत्येक पिकाची शिफारस युनिकोड मराठीत, स्वतंत्र पानावर द्यावी. प्रत्येक आकड्याशेजारी माप लिहावे, हेक्टरी आणि एकरी दोन्ही. हंगाम आणि जात त्याच वाक्यात यावी, मथळ्यात ठेवून चालणार नाही. पानावर तारीख हवी. जुनी शिफारस काढून टाकू नये. ‘अमुक वर्षापासून बदलली’ असा शेरा मारून ती ठेवावी, नाहीतर इतरांनी केलेल्या तिच्या नकला वेबवर फिरत राहतात आणि त्या रद्द झाल्याचे सांगणारे पान कुठेच सापडत नाही. जिल्हा प्रशासनाने आणि देवस्थानांनी आपापल्या अधिकृत माहितीबाबत हेच करावे.

इतिहासाच्या बाबतीत नगर, संगमनेर, श्रीरामपूरच्या महाविद्यालयांना बरेच करता येईल. दरवर्षी विद्यार्थ्यांचे प्रकल्प होतात आणि कपाटात जातात. त्याऐवजी एका वर्गाने एक तालुका घ्यावा. गॅझेटियरमधली त्या तालुक्यातल्या स्थळांची नोंद मराठीत आणावी, जागेवर जाऊन ताडून पाहावी, आणि मराठी विकिपीडियावर पृष्ठक्रमांकासह टाकावी. सलाबतखानाच्या कबरीच्या पानावर ‘चांदबिबी महाल’ हे नाव पहिल्याच ओळीत यावे, म्हणजे लोकांच्या नावाने शोधणाराही खऱ्या नोंदीपाशी पोचेल. शिर्डीच्या पानावर प्रमाण ग्रंथ जन्मस्थानाबाबत काही सांगत नाही, हे स्पष्ट वाक्यात लिहिलेले असावे. तसे वाक्य एकदा लिहिले गेले की शोधाला ते सापडते, आणि आजवर दाव्यांनाच मिळणारी लिंक त्या मौनालाही मिळू शकते.